खांब जैसे थे

माणूस मेला, एवढ्याने त्याचे मरण पूर्ण होत नाही. मरणाला कारण लागते. कारणाला सही लागते, सहीला शिक्का लागतो, आणि ते कारण ज्या खात्याच्या अखत्यारीत येते त्या खात्याची सहमती मिळाल्याशिवाय शिक्का उठत नाही. ही सहमती येईपर्यंत मेलेला माणूस सरकारी दृष्टीने केवळ गैरहजर असतो. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु तो सर्वजण पाळत असल्यामुळे तो कोणीतरी केला असणार, याविषयी आकस्मिक व हिंसक मृत्यू संशोधन संस्थेत दुमत नव्हते.

या संस्थेच्या शवविच्छेदन विभागाच्या प्रमुखांना सगळे मागून 'नेमके' म्हणत. समोर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, पण त्यांनाही ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते. 'नेमकं' हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा सदैव घोळत असे. त्यांचे अहवाल विद्यार्थी उतरवून घेत. त्यांत एक शब्द कमी नसे आणि एक विशेषण जास्त नसे. एका नातेवाइकाच्या मृत्यूनंतर भेटायला गेले असता "झोपेत शांतपणे गेले हो," असे घरच्यांनी सांगितल्यावर "झोपेत गेले हे दिसतं आहे, शांतपणे गेले याला आधार काय?" असे त्यांनी विचारले होते. तेव्हापासून त्यांच्या नात्यात कोणी गेले तर त्यांना सर्वांत शेवटी कळवण्याची पद्धत पडली.

अशा या डॉक्टरांच्या टेबलावर एके सकाळी नाक्यावरचा घड्याळवाला आला.

"साहेब, माझं घड्याळ यांच्याकडेच होतं दुरुस्तीला," शवागारातले परिचर हळहळून म्हणाले. त्यांना सगळे मामा म्हणत. "आता ते कुणाकडे मागायचं?"

"मामा, सध्या आपण त्यांच्याकडे काय होतं ते पाहत नाही. त्यांना काय झालं ते पाहतो आहोत."

काय झाले ते पाहायला डॉक्टरांना फार वेळ लागला नाही. उजव्या तळहातावर जळाल्याची खोलगट, कडेने पांढरट खूण होती. तळपाय भिजलेले होते आणि डाव्या टाचेवर तशीच एक लहान खूण होती. वीज हाताने आत शिरली होती आणि पायाने बाहेर पडली होती. वाटेत हृदय लागले होते. मामांनी आणलेला चहा निवण्यापूर्वी डॉक्टरांनी कारण लिहिले: विजेचा धक्का. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचले आणि त्यांना समाधान वाटले. इतके थोडक्यात इतके सगळे सांगण्याची संधी रोज येत नाही.

बाहेर घड्याळवाल्याची बायको एका लाकडी स्टुलावर बसली होती. संस्थेचा बाक नातेवाइकांसाठी असला तरी त्यावर जुन्या फायली बसलेल्या असत, म्हणून ती बसायला घरचेच घेऊन आली होती.

"बाई, नेमकं काय घडलं ते सांगा."

"सांगायचं काय, साहेब? आमची काचेची पेटी त्या दिव्याच्या खांबाला लागूनच आहे. खाली पाण्याचा पाइप फुटलाय, तो फुटलाय त्याला काळ लोटला. खांब झटका देतो हे अख्ख्या नाक्याला माहीत आहे. हे या स्टुलावर बसायचे, पाय वर दांडीवर घेऊन. कुलूप काढायला उठले, तोल गेला, आणि धरला खांब. मी हेच स्टूल मधे घालून ढकललं त्यांना. सुटले. पण सुटले म्हणजे सुटलेच."

डॉक्टरांचे डोळे चमकले. "हेच स्टूल?"

"हेच."

"उठा जरा."

बाई उठली. डॉक्टरांनी स्टूल उलटे करून पाहिले, पायांची मापे घेतली, मामांना हाक मारली. स्टूल कापडात गुंडाळले गेले, त्यावर लाख पडली, आणि ते मुद्देमालाच्या खोलीत गेले. जो पुरावा पोलिसांच्या नजरेतून सुटला होता तो आपण टिपला, या विचाराने डॉक्टरांना दुसऱ्यांदा समाधान वाटले.

"आणि मी दुकानात कशावर बसू?" बाईने विचारले.

"दुकान तुम्ही चालवणार?"

"दुसरं कोण? कामही तेच येतं. परवाना त्याच जागेचा आहे. हातभर सरकले तर अतिक्रमण म्हणून पेटी उचलून नेतात. एकदा नेली होती. ते स्टूल तेवढं द्या. त्यावर पाय वर घेऊन बसता येतं."

"ते आता स्टूल नाही, बाई. तो मुद्देमाल आहे. निकाल लागला की मिळेल."

"बरं. पण खांबाचं काय? मला दुसरं काही नको. तेवढी त्याची वीज काढा."

"कारण निश्चित झालं की लगेच."

"कारण तर आत्ताच सांगितलं की मी."

"तुम्ही सांगितलीत ती हकीकत," डॉक्टर तिला समजावून म्हणाले. "कारण आम्ही सांगतो."

कारण सहमतीसाठी गेले आणि त्याच्याबरोबर तीन खात्यांचे तीन अधिकारी परत आले. बैठक संचालकांच्या खोलीत भरली. संचालक मृदुभाषी गृहस्थ होते. संस्थेत येणाऱ्या प्रत्येकाविषयी, तो कोणत्या अवस्थेत आला याचा विचार न करता, त्यांना आपुलकी वाटे.

"विजेचा धक्का असं लिहिलंय तुम्ही," वीज खात्याचे अभियंते दुखावल्या सुरात म्हणाले. "आमची वीज धक्का देत नाही, डॉक्टर. ती तारेतून जाते आणि घरोघरी उजेड देते. तारेबाहेर आली की ती आमची राहत नाही."

"मग कोणाची होते?"

"ज्यात शिरली त्याची. इथं ती खांबात शिरली."

"खांब आमचा," दिवाबत्ती खात्याच्या अधिकाऱ्यांनी उदारपणे कबूल केले. "पण तो लोखंडाचा आहे. लोखंडानं माणूस मरायचा तर त्याच्या डोक्यात पडावं लागतं. आमचा खांब जागचा हललेला नाही. मी स्वतः जाऊन पाहून आलो."

"हात लावून पाहिलात?"

"पाहिलं म्हणालो मी."

पाणी खात्याच्या बाईंनी गळती नाकारली नाही. "पण ते पिण्याचं पाणी आहे, डॉक्टर. तपासलेलं, शुद्ध. त्यानं माणूस जगतो. तुमच्या अहवालात आमचं नाव आलं तर उद्या लोक नळाला तोंड लावायला घाबरतील."

डॉक्टर इतका वेळ दातओठ खात बसले होते. "म्हणजे वीज निर्दोष, खांब निर्दोष, पाणी निर्दोष. मग तळहात जळला तो नेमका कशानं?"

अभियंत्यांनी क्षणभर विचार केला. "तळहात कोणाचा होता?"

"त्याचाच."

"तेच म्हणतोय मी," अभियंते म्हणाले, आणि उरलेल्या दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वाद हातघाईवर येणार असे दिसताच संचालकांनी संस्थेच्या सांख्यिकी तज्ज्ञांकडे मान वळवली. हे गृहस्थ कोपऱ्यात डोळे मिटून बसत आणि प्रश्न आला की ते न उघडताच उत्तर देत.

"एकावरून निष्कर्ष निघत नाही," ते म्हणाले. "एक म्हणजे योगायोग."

"मग किती हवेत?" संचालकांनी विचारले.

"ते पुढचा आल्याशिवाय सांगता येणार नाही."

डॉक्टर काही बोलणार होते. पण त्यांना आठवले. गेल्याच वर्षी एका सहकाऱ्याचा प्रबंध त्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर झोडपून काढला होता. एका प्रेतावर सिद्धान्त उभारणाऱ्याला त्यांनी भरसभेत भोंदू म्हटले होते, आणि टाळ्या घेतल्या होत्या. शास्त्र आजही त्यांचीच भाषा बोलत होते. फक्त ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते.

"आपण नुसती कारणं लिहिणारी संस्था नाही," संचालक हळुवारपणे म्हणाले. "आपल्या नावात संशोधन आहे. घाई नको. रीतसर अभ्यास होऊ द्या. तोपर्यंत घटनास्थळ जैसे थे."

"पण खांबात वीज आहे, सर!"

"म्हणूनच. ती काढली तर अभ्यास कशाचा करणार?"

यावर शास्त्रीय उत्तर नव्हते. अशास्त्रीय उत्तर देण्याची डॉक्टरांना सवय नव्हती.

'जैसे थे'चा आदेश निघाला. पाइप बुजवायचा नाही, खांबाची वीज तोडायची नाही, पेटी हलवायची नाही. कोणी अनवधानाने पुराव्याला हात लावू नये म्हणून 'पुरावा. हात लावू नये' असा फलक खांबावर टांगण्याचे ठरले. फलक टांगायला गेलेला माणूस शिडीसकट रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडला. तो शुद्धीवर आल्याने त्याची नोंद करण्याबद्दल बराच खल झाला, आणि 'मृत्यू अपूर्ण, सबब अग्राह्य' असा शेरा पडला. पुढे एक कुत्रे खांबाशी नित्याच्या कामाला गेले ते तिथेच आडवे झाले. ते मात्र पूर्ण मेले होते. पण पशुवैद्यक खात्याने त्यावर आपला हक्क सांगितला आणि डॉक्टरांचा नमुना एकावरच राहिला.

डॉक्टर दर आठवड्याला नाक्यावर जाऊन निरीक्षण करीत. अर्थात समोरच्या, कोरड्या पदपथावरून. नाक्यावरचे सगळेच लोक तिथवर आले की एका लयीत रस्ता ओलांडत, खांब मागे पडला की पुन्हा अलीकडे येत. शाळेतली मुलेसुद्धा बोलणे न थांबवता हे वळण घेत. डॉक्टरांनी त्याचा सुबक नकाशा काढला. एके दिवशी त्यांना दिसले की पेटीमागे आता लोखंडी खुर्ची आहे, आणि बाईचे पाय ओल्या फरशीवर टेकलेले आहेत. त्यांनी टिपून घेतले: आसन बदलले आहे.

"साहेब!" बाईने ओळखून हाक मारली. "लागलं का कारण?"

"अंतिम टप्प्यात आहे," डॉक्टर पलीकडून ओरडले.

"आणि स्टूल?"

"सहमती आली की!"

"बरं. मग मी आपली जपून बसते तोवर." तिने डोळ्यावरचे भिंग वर केले. "साहेब, आज उशिरा आलात, तुमचं घड्याळ मागे पडलंय. आमच्या पेटीतली सगळी पुढे आहेत. या ना, लावून देते."

डॉक्टरांनी ओल्या फरशीकडे पाहिले, खांबाकडे पाहिले, आणि घड्याळ एका मुलाच्या हाती धाडले. बाईने ते लावून दिले. मुलगा मोठा वळसा घालून परत आला.

रात्रीच्या जेवणावर डॉक्टरांनी ही हकीकत बायकोला सांगितली. ती शाळेत गणित शिकवत असे, आणि नवऱ्याचे म्हणणे पाटीवर मांडलेल्या चुकीच्या उदाहरणासारखे शेवटपर्यंत ऐकून घेत असे.

"अहो, ते स्टूल देऊन टाका तिला."

"मुद्देमाल असा देता येत नाही."

"मग दुसरं घेऊन द्या. लाकडाचं. मी आणते."

"म्हणजे परिस्थिती बदलली. माझी निरीक्षणं बाद. त्या तीन खात्यांना हेच हवंय! एकदा माझ्या अहवालात फट सापडली की खांब कायमचा सुटला. मी हे त्या बाईसाठीच करतोय, कळत कसं नाही तुला?"

"तिला सांगितलंत का, बाई इथून ऊठ म्हणून?"

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. "हे बघ, माझं मत मेलेल्या माणसांविषयी ग्राह्य आहे. जिवंत माणसांबद्दल मत देणं नेमकं माझ्या अधिकारात येत नाही."

"म्हणजे ती अधिकारात येईपर्यंत थांबणार तुम्ही," बायको म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

हे बोलणे डॉक्टरांना लागले. ते त्वेषाने कामाला बसले आणि आयुष्यातला सर्वोत्तम प्रबंध लिहून काढला. नकाशा, पाण्याची खोली, फरशीचा उतार, स्टुलाचे लाकूड, हाताची खूण: एक सांधा ढिला नव्हता. दिवाबत्ती खात्याच्या अधिकाऱ्यांनीसुद्धा तो वाचून डोळे पुसले म्हणतात. सांख्यिकी तज्ज्ञांनी तेवढे विचारले, "नमुना?" आणि प्रबंध कपाटात गेला. संचालकांनी सांत्वन केले, "दुसरी केस आली की हा प्रबंध जगात जाईल. वाट पाहा."

डॉक्टर वाट पाहू लागले. आपण काय करीत आहोत हे त्यांच्या लक्षात आले नाही, कारण वाट पाहण्याचे कोणी शवविच्छेदन करीत नाही.

एका सकाळी मामा घाईघाईने आत आले. "साहेब, खांबावरची केस आली."

"दुसरी?" डॉक्टर ताडकन उठले. त्यांच्या आवाजात काय होते ते मामांना कळले, आणि ते भिंतीकडे पाहू लागले.

"पाय ओले?"

"ओले, साहेब."

"खूण? तळहातावर?"

"आहे."

"आसन लोखंडी?"

"खुर्ची. खालीच पडली होती म्हणे."

"नेमकं तेच!" डॉक्टर म्हणाले. "तेच मी लिहिलं होतं! शब्दन् शब्द!" आणि त्यांनी चादर बाजूला केली.

भिंग अजून कपाळावरच होते.

डॉक्टरांनी वेळ टिपण्यासाठी सवयीने मनगट वर केले. कोणत्याही अहवालात न बसणारी ही वेळ होती. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ मात्र ती अचूक दाखवत होते.

दुसऱ्या बैठकीला डॉक्टर गेले ते निराळेच होऊन. आवाज चढला होता, शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात होते. "आता दोन आहेत! तोच खांब, तेच पाणी, तीच खूण. लिहा! विजेचा धक्का. आणि आजच्या आज तो खांब बंद करा."

सांख्यिकी तज्ज्ञांनी प्रथमच डोळे उघडले. "दोन आहेत हे खरं. पण दोघांचं आडनाव एक आहे."

"नवरा-बायको होते ती!"

"म्हणजे एकाच घरातले. नाक्यावरून रोज हजारो जातात, त्यांना काही होत नाही. एकाच घरातली दोन माणसं मात्र जातात. खांब सगळ्यांना सारखा, घर मात्र यांचं एकट्याचं. शास्त्र अशा वेळी खांबाकडे पाहत नाही. घराकडे पाहतं."

"कौटुंबिक प्रवृत्ती," संचालक भारावून पुटपुटले.

"अहो, प्रवृत्ती रक्तातून येते! नवरा-बायकोचं रक्त एक कसं असेल?"

"जेवण एक असतं," पाणी खात्याच्या बाई म्हणाल्या. "पाण्याखेरीजचं."

"आणि हजारो जातात ते रस्ता ओलांडून जातात! हा माझा नकाशा पाहा!"

अभियंत्यांनी नकाशा कौतुकाने न्याहाळला. "म्हणजे काळजी घेणारे वाचतात, हे तुमच्याच अभ्यासातून सिद्ध होतं. आमचा वेगळा मुद्दाच नाही."

तिन्ही खात्यांची सहमती जागच्या जागी आली; संस्थेच्या इतिहासात इतक्या झटपट कोणतेही कारण मंजूर झाले नव्हते. डॉक्टरांनी आपले विरोधी मत लिहून दिले. ते बाणेदार होते, आणि त्यात एक विशेषण जास्त नव्हते. 'भाषेच्या दृष्टीने आदर्श' असा शेरा मारून संचालकांनी ते नव्या भरतीच्या डॉक्टरांना अभ्यासासाठी लावले. मुख्य प्रबंध 'खांबालगत राहणाऱ्या कुटुंबांतील आकस्मिक मृत्यूची प्रवृत्ती' या नावाने डॉक्टरांच्याच नावावर जगात गेला. त्यांनी नाव काढून टाकण्याची विनंती केली होती; परंतु त्यासाठी सहलेखकांची सहमती लागते, आणि सहलेखक तीन खात्यांचे होते.

कारण निश्चित झाल्यामुळे 'जैसे थे'चा आदेश उठला. खांब आता पुरावा राहिला नसल्याने तो दुरुस्त करण्यास कोणाचीच हरकत उरली नाही. आणि तो निर्दोष ठरल्याने दुरुस्तीचे कारणही उरले नाही. स्टूल परत करण्याचा आदेश निघाला, पण घ्यायला कोणी आले नाही. शवागारात मामा त्यावर बसून चहा पितात. बसताना पाय वरच्या दांडीवर घेतात. डॉक्टर तिथे आले की उभेच राहतात.

पेटीची जागा रिकामी झाली. परवान्यासाठी एक परगावचा माणूस अर्ज घेऊन आला. छत्र्या दुरुस्त करतो म्हणे. त्याने नाक्यावर उभे राहून चौकशी केली, जागा कशी आहे, गिऱ्हाईक कसे आहे. लोकांनी गिऱ्हाईक उत्तम असल्याचे सांगितले, आणि रस्ता ओलांडून ते आपापल्या कामाला गेले.

वाचकाला या लोकांचा राग आला असेल. तो योग्यच आहे. वाचकाच्या स्वतःच्या रस्त्यावरही असा एखादा खांब, एखादे झाकण, एखादी लोंबती तार असेलच; ती कोणत्या पावलावर आणि कशी चुकवायची हे वाचकाला इतके सवयीचे झाले आहे की चालताना बोलणेही थांबवावे लागत नाही. मागच्या महिन्यात शेजारी नवीन बिऱ्हाड आले, त्यांना मात्र हे सांगायचे राहून गेले आहे. घाई नाही. संस्थेचा नमुना अजून लहान आहे, आणि तिसरी केस कोणत्या घरातून येते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.